कोठार का कोसळले? मानववंशशास्त्र, जादूटोणा आणि आपण



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण दरवर्षी तथागतांचे चरित्र, बाबासाहेबांचे विचार आणि विहाराच्या कार्याचा अहवाल वाचतो. यंदा आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. निरनिराळ्या समाजांतील धर्म, जादू, करणी, भूतप्रेत यांवरील समजुतींचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला मानववंशशास्त्र म्हणतात. या शास्त्राचा इतिहास काय, आणि त्याचा आपल्या गल्लीशी काय संबंध, हे सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

विषय सुचायला कारणही तसेच घडले. काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीत एका घरातले तान्हे मूल दगावले. दवाखाना, इंजेक्शने, सलाईन सगळे झाले होते. दहा-बारा दिवसांनी नळावर कुजबुज सुरू झाली. "शेजारच्या म्हातारीची नजर लागली. पाळण्याकडं टक लावून बघत बसायची." म्हातारी एकटीच राहणारी, पोटी मूलबाळ नाही. एका सकाळी तिच्या उंबऱ्याशी कापलेले लिंबू पडलेले दिसले. मग बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मुलाच्या घरच्यांनी देवऋषी गाठला. हे कानावर येताच आम्ही कार्यकर्ते तावातावाने त्या घरी गेलो, बावीस प्रतिज्ञांची आठवण दिली, "लाज वाटत नाही का?" असेही बोललो. मुलाची आई एवढेच म्हणाली, "दादा, ताप चाळीतल्या समद्याच पोरांना आला होता. माझंच का गेलं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही भाषण दिले आणि परत आलो. ते कुटुंब पुढे कित्येक महिने विहारात फिरकले नाही. आईचे दुःख काही कमी झाले नाही, आणि म्हातारीवरचा आळही गेला नाही.

त्या माउलीने विचारलेला प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेत एका अभ्यासकाने ऐकला होता आणि तो समजून घ्यायला त्याने कित्येक महिने खर्च केले होते, हे आमच्या वाचनात फार उशिरा आले. त्या अभ्यासकापर्यंत जाण्याआधी थोडे मागे जायला हवे.

खुर्चीत बसलेले पंडित

एकोणिसाव्या शतकात युरोपचे राज्य जगभर पसरले, तशी दूरदूरच्या लोकांच्या चालीरीतींची माहिती लंडन-पॅरिसकडे वाहू लागली. मिशनरी लिहीत, अधिकारी लिहीत, खलाशी लिहीत. ती सारी माहिती गोळा करून तिच्यातून सिद्धान्त काढणारे विद्वान आपल्या अभ्यासिकेत बसलेले असत. इंग्लंडच्या एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली 'प्रिमिटिव्ह कल्चर' हा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे : माणसाला स्वप्नात मेलेली माणसे दिसतात आणि मरताना शरीरातून काहीतरी निघून गेल्यासारखे वाटते. यावरून आत्म्याची कल्पना निघाली. पुढे झाडाला, नदीला, दगडालाही आत्मा आहे असे माणूस मानू लागला आणि तेथून धर्माची सुरुवात झाली.

त्यांच्यानंतर जेम्स फ्रेझर आले. त्यांचा 'द गोल्डन बाऊ' १८९० साली दोन खंडांत निघाला आणि वाढत वाढत बारा खंडांचा झाला. जादूमागे दोन समजुती असतात असे त्यांनी दाखवले. पहिली, सारख्याने सारखे घडते. म्हणून शत्रूची बाहुली करून तिला टाचण्या टोचायच्या. दुसरी, एकदा जे चिकटून होते त्याचा संबंध तुटत नाही. म्हणून माणसाचे केस, नखे, पायाखालची माती घेऊन करणी करायची. हे वाचताना आम्हांला हसू आले, कारण आपल्या आज्या कापलेली नखे कागदात गुंडाळून का टाकीत, ते फ्रेझरसाहेबांनी इंग्लंडहून सांगितले होते!

पण या पंडितांच्या विचारात एक मोठी खोट होती. त्यांनी एक शिडी मनात धरली होती. तळाला जादू, मधे धर्म, वर विज्ञान. तळाच्या पायरीवर 'रानटी' लोक आणि वरच्या पायरीवर, अर्थातच, ते स्वतः! शिडी आली की कोणीतरी वर आणि कोणीतरी खाली आलेच. अशा शिड्या म्हणजे काय ते आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याच देशात १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले नाकांची मापे घेऊन जातींची उच्चनीचता वंशाशी जोडत होते. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात मापांचीच आकडेवारी मांडून उलट निष्कर्ष काढला, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे एकाच वंशाचे आहेत. पंडितांचे हत्यार पंडितांवरच उलटवले, ते असे.

तंबूतला अभ्यासक

खुर्ची सोडून लोकांत जाऊन राहण्याची पद्धत ज्यांनी रुजवली, त्यांतले मोठे नाव ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांचे. ते जन्माने पोलंडचे. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते ऑस्ट्रेलियात होते, आणि ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून कागदोपत्री शत्रू ठरले. तरी त्यांना अभ्यासाची मुभा मिळाली. १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांना ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. ओमाराकाना या गावात, झोपड्यांच्या मधोमध तंबू ठोकला, तिथली भाषा शिकले, लोकांची भांडणे, लग्ने, मयती, शेती, मासेमारी सगळे जवळून पाहिले.

त्यांना जे दिसले ते फ्रेझरच्या शिडीत बसणारे नव्हते. बेटावरची माणसे उत्तम शेतकरी होती. कोणती माती कोणत्या कंदाला चांगली, तण केव्हा काढायचे, कुंपण कसे घालायचे, सगळे त्यांना ठाऊक. तरीही प्रत्येक टप्प्यावर मळ्याचा मांत्रिक मंत्र म्हणे. "मग नुसत्या मंत्रानेच पीक काढा की," असे कोणी म्हटले असते, तर त्यांनी त्याला वेड्यात काढले असते. कुंपण मोडले तर मंत्राने दुरुस्त होत नाही, हे त्यांना कळत होते. मंत्र होता तो अवकाळी पाऊस, कीड, दुष्काळ अशा हाताबाहेरच्या गोष्टींसाठी.

मासेमारीत हे आणखी स्पष्ट दिसले. खाडीच्या शांत पाण्यात मासे धरणे सोपे, धोका नाही आणि मासळी हमखास. तिथे जादू जवळपास नव्हतीच. उलट खुल्या समुद्रात जायचे, तिथे वादळ आहे, जिवाची शाश्वती नाही आणि मासळीचीही नाही. तिथे मात्र मंत्रांची रेलचेल. १९२५ साली जादू, विज्ञान आणि धर्म यांवर लिहिलेल्या निबंधात मॅलिनोव्स्कींनी यातून सूत्र काढले. माणसाचे ज्ञान आणि हुन्नर जिथे संपतो, आणि भीती व आशा मात्र उरते, तिथे जादू येते.

आता हेच आपल्याकडे लावून बघा. पगाराची नोकरी असलेला माणूस पहिल्या तारखेसाठी गंडा बांधत नाही. पण रोजंदारीवर जाणारा, कोर्टात केस अडकलेला, मूल आजारी असलेला माणूस बांधतो. भोळेपणा कोणाच्या रक्तात नसतो. ज्याच्या आयुष्यात खुला समुद्र जास्त, त्याच्या दंडात ताईत जास्त.

मॅलिनोव्स्की म्हणजे कोणी संत होते असे मात्र समजू नका. त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ साली त्यांची खाजगी रोजनिशी प्रसिद्ध झाली. तिच्यात त्यांनी त्याच बेटवासीयांविषयी अत्यंत तुच्छतेचे उद्गार लिहून ठेवले होते. शास्त्रज्ञांत मोठी खळबळ उडाली. लोकांत राहिल्याने मनातली शिडी आपोआप मोडत नाही, ती रोज मोडावी लागते, हा त्यातला धडा आम्ही कार्यकर्त्यांनीही घेण्यासारखा आहे.

अझांदे लोकांचा प्रश्न

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मॅलिनोव्स्कींच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांत इव्हान्स-प्रिचर्ड नावाचा एक तरुण होता. १९२६ ते १९३० च्या दरम्यान तो निरनिराळ्या खेपांना मिळून सुमारे वीस महिने त्या वेळच्या सुदानच्या दक्षिण भागात अझांदे लोकांमध्ये राहिला. त्या अभ्यासावरचा त्याचा ग्रंथ १९३७ साली निघाला, आणि जादूटोण्याच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो.

अझांदे मानत की काही माणसांच्या पोटात 'मांगू' नावाचा पदार्थ असतो. तो बापाकडून मुलाला आणि आईकडून मुलीला मिळतो. अशा माणसाच्या मनात मत्सर आला की त्या मांगूची शक्ती जाऊन दुसऱ्याला बाधते. पीक बुडाले, शिकार मिळाली नाही, आजार आला, की मांगू.

आपण म्हणू, अडाणी माणसे, त्यांना कार्यकारणभाव कळत नसेल. इव्हान्स-प्रिचर्डने दाखवले की असे मुळीच नाही. त्याने दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. अझांदेंची धान्याची कोठारे लाकडी खांबांवर उभी असतात. दुपारी उन्हात माणसे त्यांच्या सावलीला बसतात. कधीतरी एखादे कोठार कोसळते आणि खालची माणसे जखमी होतात. का कोसळले? प्रत्येक अझांदेला माहीत असते की वाळवीने खांब पोखरले होते. लोक खाली का बसले होते? ऊन होते म्हणून. दोन्ही कारणे त्यांना मान्य. पण त्यांचा प्रश्न त्यापुढचा असतो : नेमकी हीच माणसे, नेमक्या ह्याच वेळी खाली बसलेली असताना ते का कोसळले? आपण म्हणतो, योगायोग. अझांदे म्हणतात, मांगू.

"ताप समद्याच पोरांना आला होता. माझंच का गेलं?" आमच्या वस्तीतल्या आईचा प्रश्न शब्दशः तोच नाही का? तिला ताप म्हणजे काय ते कळत होते. दवाखान्यात तीच पहिल्यांदा धावली होती. आम्ही तिला जंतू समजावत बसलो, आणि तो तिने विचारलेला प्रश्नच नव्हता.

इव्हान्स-प्रिचर्डने आणखी तीन गोष्टी टिपल्या. त्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, कौल लावण्याची. मांगू कोणाचा ते ठरवायला कोंबडीच्या पिल्लाला 'बेंगे' नावाचे विष देत आणि प्रश्न विचारीत. पिल्लू मेले की एक उत्तर, जगले की दुसरे. पडताळा म्हणून दुसऱ्या पिल्लावर उलटा प्रश्न विचारीत. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर? विष चांगले नव्हते, कोणीतरी विटाळ केला, प्रश्न नीट विचारला नाही. कौल चुकला असेल, पण कौल लावणेच चूक आहे असे कोणी म्हणत नसे. एकेका अपयशाला एकेक सबब तयार असते, म्हणून सगळा डोलारा टिकून राहतो. आपल्याकडचा देवऋषीही हेच म्हणतो ना, "उतारा बरोबर होता हो, तुम्हीच मागं वळून बघितलं!"

दुसरी, मत्सराची. कौलासाठी नावे कोणाची पुढे करीत? ज्यांच्याशी भांडण आहे, ज्यांचा हेवा वाटतो, अशा शेजाऱ्यापाजाऱ्यांची. ज्याच्यावर आळ येई तो तोंडात पाणी घेऊन कोंबडीच्या पंखावर फुंकरीने उडवी आणि सांगे, माझ्या मनात वाईट नाही, नकळत काही होत असेल तर ते शांत होवो. या एका विधीने बरीच भांडणे मिटत. आमच्या म्हातारीला तेवढीही सोय नव्हती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अझांदेंवर अव्होंगारा नावाच्या सरदार घराण्याचे राज्य होते. सामान्य माणूस या घराण्यातल्या कोणावरही मांगूचा आळ घेत नसे. आळ फिरायचा तो बरोबरीच्यांत आणि खालच्यांत. शक्ती अदृश्य होती म्हणतात, पण कोणावर उलटायचे नाही हे तिला बरोबर कळत होते! आपल्याकडेही बघा. सावकाराची करणी, पाटलाची भानामती असे सहसा ऐकू येत नाही. ऐकू येते ते विधवेचे, निपुत्रिक बाईचे, गावकुसाबाहेरच्या म्हातारीचे नाव.

एवढा आदराने अभ्यास करूनही अझांदे म्हणतात तसे चेटूक करणारे लोक जगात असू शकत नाहीत, हे इव्हान्स-प्रिचर्डने स्पष्ट लिहून ठेवले. हे आमच्या टीकाकार मित्रांनी लक्षात घ्यावे. समजून घेणे म्हणजे मान्य करणे नव्हे.

कोलंबियातला विद्यार्थी

मॅलिनोव्स्की ट्रोब्रियांड बेटांवरचा पहिला मुक्काम करीत होते, साधारण त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आपले बाबासाहेब शिकत होते. १९१३ ते १९१६ हा तो काळ. त्या विद्यापीठात फ्रान्झ बोआस हे मोठे मानववंशशास्त्रज्ञ होते. १९११ साली त्यांनी ग्रंथ लिहून सांगितले होते की माणसाची बुद्धी वंशावर ठरत नाही. म्हणजे शिडीवर घाव घालणारेच ते. त्यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी, पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

त्या निबंधाची रीत मानववंशशास्त्राचीच आहे. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह यांचा गौरव शास्त्रांत काय केला आहे याला बाबासाहेबांनी भुलून न जाता विचारले, की या चाली प्रत्यक्षात काय काम करतात? उत्तर असे, की जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून स्त्री-पुरुषांची संख्या जातीतल्या जातीत जुळवून ठेवण्याच्या त्या युक्त्या होत्या, आणि तत्त्वज्ञान नंतर चिकटवले गेले. चाल काय सांगते ते ऐका, पण ती काय करते ते बघा, ही दृष्टी त्यांनी तेव्हाच कमावली होती.

पुढे हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील त्यांच्या लेखनात, जे महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केले, त्यांनी आदिम समाजाच्या धर्माची चर्चा केली. जादू, निषेध, कुलचिन्ह ही त्या धर्माची साधने आहेत, त्याचे खरे लक्ष जीवन आणि जीवनाचे रक्षण हे आहे, असे त्यांनी म्हटले. जन्म, वयात येणे, लग्न, आजार, मरण या वेळीच विधी का होतात, ते यावरून कळते. आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी दाखवले, की धर्म या शब्दाचा अर्थ काळानुसार बदलत आला. वीज, पाऊस, पूर यांचा उलगडा न झालेल्या माणसाने त्यांना वश करण्यासाठी जादू केली आणि सुरुवातीला धर्म म्हणजे तीच होती. धम्म याहून वेगळा कसा, ते त्यानंतर येते. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेमागे चाळीस वर्षांचा असा अभ्यासही उभा होता.

बौद्ध देशांत काय दिसले?

आपल्यापैकी अनेकांना वाटते की बौद्ध झाले की या समजुती आपोआप गळून पडतात. अभ्यासकांनी टिपलेले चित्र तसे नाही. अमेरिकेचे मेलफोर्ड स्पायरो यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रह्मदेशातल्या खेड्यात राहून अभ्यास केला. तिथे विहारात दान देणारी माणसेच 'नात' नावाच्या देवतांनाही नैवेद्य ठेवीत. मुख्य नात सदतीस. श्रीलंकेत जन्मलेले स्टॅनली तांबिया यांनी ईशान्य थायलंडवरचा ग्रंथ १९७० साली लिहिला. तिथे आजारी माणसाचा 'ख्वान', म्हणजे प्राणतत्त्व, हाक मारून परत बोलावण्याचा विधी होता, आणि तो करणारे वडीलधारे बहुधा पूर्वी भिक्खू राहिलेले असत.

तेव्हा नुसता धर्म बदलून भीती जात नाही. भीतीने विचारलेल्या प्रश्नाला धम्मातून उत्तर द्यावे लागते. ते उत्तर तथागतांनी दिले होते का? दिले होते.

मोहरीचे दाणे

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती श्रावस्तीत औषध मागत फिरली. लोक तिला वेडी म्हणाले. तथागत तिला वेडी म्हणाले नाहीत, प्रवचनही दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे सांगितले. ती दारोदार फिरली. प्रत्येक दारात तिला कोणाच्या ना कोणाच्या मरणाची हकीकत ऐकायला मिळाली. "माझेच का?" या प्रश्नाला उत्तर मिळाले, ते घराघरांतून आणि माणसांच्या तोंडून मिळाले.

आपल्याकडे मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात. त्या मोहरीने बोट शेजाऱ्याकडे वळते, कारण दृष्ट कोणाची तरी असावी लागते. तथागतांनी मागवलेल्या मोहरीने गोतमी शेजाऱ्याच्या दारात गेली आणि त्याच्या दुःखाची सोबतीण झाली. चमत्कारालाही तथागतांनी थारा दिला नाही. राजगृहाच्या श्रेष्ठीने उंच टांगलेले चंदनाचे पात्र पिंडोल भारद्वाजाने ऋद्धीच्या बळावर काढून आणले, तेव्हा तथागतांनी त्याची कानउघाडणी केली आणि ते पात्रच फोडायला लावले, असे विनयपिटकात आहे. चमत्कार फोडायचा, पण दुःखी माणसाला मोडायचे नाही. आम्ही त्या दिवशी नेमके उलटे केले होते.

मग आपण काय करावे?

आता कायदाही आपल्या बाजूला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणावर करणीचा आळ घेऊन तिचे जगणे मुश्कील करणे, साप चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून अडवून मंत्र-गंडे करणे, हे गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा आळ कोणावर येत असेल तर गप्प बसू नये, पोलिसांत जावे.

पण कायदा आळ घेणाऱ्याला धरतो, रडणाऱ्या आईजवळ बसत नाही. ते काम विहाराचे. म्हणून या वर्धापनदिनी आम्ही स्वतःलाच काही नियम घालून घेत आहोत. दुःखाच्या घरी गेल्यावर आधी ऐकायचे, बोलायचे नंतर. पहिल्या दिवशी प्रतिज्ञांची आठवण द्यायची नाही, चुलीवर चहा ठेवायला लागायचे. कोणाचे नाव कुजबुजीत आले की त्याच दिवशी त्या घरी जाऊन बसायचे, सर्वांना दिसेल असे. आणि आळ नेहमी कोणावर येतो, कोणावर कधीच येत नाही, हे लोकांना विचारायचे. उत्तर त्यांना आपोआप सापडते.

त्या आजी आता हयात नाहीत. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला आम्ही चार-सहा जणच होतो. मूल गमावलेली ती भगिनी मात्र दारात उभी राहून रडत होती. नंतर एकदा विहारात आली तेव्हा म्हणाली, "त्यांना पोर नव्हतं, म्हणून बघत बसायच्या हो. दुसरं काय?" हे तिला आधीच कोणी सांगायला नको होते का? कदाचित सांगून कळले नसते. पण तिच्याजवळ कोणी वेळेवर बसले असते, तर तिला ते लवकर उमगले असते, आणि आजींचे शेवटचे दिवस दाराआड गेले नसते.

ही चूक आमची. ती पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख.

जयभीम! नमो बुद्धाय!